ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, आता विमा कोणता आणि कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ट्रॅक्टरचं कर्ज फिटलंय, इतके दिवस विम्याचं बँकच बघायची, शेवटची पॉलिसी संपून दोनेक महिने होत आले, आता स्वतः काढायचा तर नुसता थर्ड पार्टी पुरे का फुल घ्यायचा, आणि ट्रॉलीचं काय. मी मोटर क्लेमच्या सर्व्हेचं काम करतो, म्हणजे ट्रॅक्टर उलटला, ठोकला, जळाला की नुकसान किती ते बघायला जातो. त्यामुळे स्वस्त कुठे मिळेल हे मला विचारू नका, पण क्लेम नेमका कुठे अडकतो ते सांगू शकतो.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा पाहिजेच, शेतीचा ट्रॅक्टर आहे म्हणून तुम्हाला यातून सूट नाही. "आमचा ट्रॅक्टर शेतातच असतो" असं सगळेच म्हणतात, पण घर ते शेत मधला रस्ता सार्वजनिकच असतो ना. विमा नसताना सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. दंडाचं एक वेळ सोडा, पण कोणी दगावलं आणि विमा नसेल तर ट्रिब्युनल (अपघाताच्या भरपाईचं कोर्ट) जी भरपाई ठरवेल ती सगळी मालकाच्या अंगावर, आणि त्या रकमा शेत विकायला लावतील अशा असतात.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. त्यात समोरच्याच्या मृत्यूला किंवा दुखापतीला रकमेची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांपर्यंत. तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचं मात्र काहीच नाही त्यात, चोरी नाही, आग नाही, उलटणं नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो. माझं मत विचाराल तर ट्रॅक्टर पाच-सात वर्षांच्या आतला असेल तर पॅकेज घ्या, अगदीच जुना झाला असेल आणि विकून फारसं काही येणार नसेल तर थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा एवढ्यावर भागवा.

आता "फुल" या शब्दावर फार विसंबू नका. मागे एक ट्रॅक्टर बघायला गेलो होतो, बांधावरून चारीत गेलेला, एका कुशीवर पडलेला. एका बाजूचं मडगार्ड चेपून टायरला टेकलेलं, दोन्ही हेडलाईट फुटलेले, बॉनेट दुमडलेलं, पुढच्या टायरची साईडवॉल चिरलेली, इंजिन आणि चेसिस मात्र ठणठणीत. मालक निवांत, फुल इन्शुरन्स आहे म्हणे. पॉलिसी उघडून बघितली तर आयएमटी २३ (पॉलिसीला वेगळं जोडून घ्यायचं एक जादा कलम) घेतलेलंच नाही. ट्रॅक्टरची पॉलिसी कमर्शियलच्या गटात येते, शेतीचा असला तरी, आणि त्या गटात दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि त्या भागाचा रंग हे सगळं मूळ पॉलिसीत धरत नाहीत (पूर्ण गाडीच गेली तर गोष्ट वेगळी). थोडा जादा प्रीमियम भरून आयएमटी २३ जोडलं तरच त्याचे पैसे मिळतात, आणि तेही काही टक्के कापूनच. म्हणजे त्या माणसाचं जेवढं मोडलं होतं नेमकं तेवढंच पॉलिसीबाहेर होतं. एजंट प्रीमियम कमी दाखवायला हे गाळतात आणि आपण खालचा आकडा बघून खूश होतो. तुम्ही कोटेशन मागताना नाव घेऊनच विचारा, आयएमटी २३ धरलंय का.

शिवाय रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर यांना तसाही ५० टक्के घसारा (जुनं झाल्याची कपात) लागतो, लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे. आणि ओव्हरलोडने काही मोडलं, गिअरबॉक्स गेला, क्लच जळाला, हे अपघातात मोडतच नाही, त्याचा क्लेम टाकू नका, उगाच चकरा होतील. नांगर, रोटाव्हेटर वगैरे अवजारं पण ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत.

ट्रॉली. कायद्याने ट्रॉली म्हणजे ट्रेलर, वेगळं वाहन, तिची आरसी वेगळी, नंबर वेगळा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ती आपसूक येते हा सगळ्यात मोठा गैरसमज. पॉलिसीतल्या प्रीमियमच्या तक्त्यात ट्रेलरची वेगळी ओळ पाहिजे आणि ट्रॉलीचा नंबर लिहिलेला पाहिजे, नसेल तर ट्रॉलीसकट झालेल्या अपघातात कंपनी पहिला आक्षेप हाच घेते. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशनच केलेलं नसेल (बऱ्याच जणांनी केलेलं नसतं) तर आधी ते करा, मग विमा.

आणि ट्रॉलीत बसणारी माणसं, हे जरा नीट वाचा. ट्रॅक्टरला सीट एकच, ड्रायव्हरची. मडगार्डवर बसलेला माणूस आणि ट्रॉलीत बसलेली माणसं यांचा विमा या पॉलिसीत धरलेला नसतो, तुम्ही कितीही फुल घ्या. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली प्रकरणं आहेत, २००४ च्या चिन्नम्मा प्रकरणात भाजीपाला घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जाणाऱ्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर टाकता येणार नाही असं ठरलं. २००७ च्या ब्रिजमोहन प्रकरणात मजूर ट्रॉलीतून वीटभट्टीच्या कामाला चालला होता आणि विमा फक्त शेतीकामाचा होता, तिथेही कंपनीची जबाबदारी नाही म्हटलं, कोर्टाने विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले पण ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे शेवटी मालकच. मजूर नेणं थांबणार नाही हे मला पण कळतं, पण वऱ्हाड, जत्रा, शाळेची पोरं असली भरती तरी ट्रॉलीत नको.

ब्रिजमोहनवरून दुसरी गोष्ट, वापर. पॉलिसीत "वापराची मर्यादा" असा एक परिच्छेद असतो, कोणी वाचत नाही. तिथे शेतीसाठी असं लिहिलं असेल आणि तुम्ही वाळू, विटा, मुरूम भाड्याने वाहत असाल तर अपघाताच्या दिवशी ट्रॉलीत काय होतं हे पंचनाम्यात येतंच. भाड्याची कामं करणार असाल तर विमा काढतानाच तसं सांगा, प्रीमियम वाढला तर वाढू दे, आणि आरटीओची नोंद पण त्या वापराला चालते का बघून घ्या.

लायसन्सबद्दल लोक उगाच घाबरतात. ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनातच येतो, एलएमव्ही लायसन्स चालतं, ट्रॉली जोडली म्हणून ते बाद होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय. फक्त ते चालू पाहिजे, मुदत संपलेलं नको, आणि गावातल्या पोराच्या हातात चावी दिली नि त्याच्याकडे लायसन्सच नसेल तर कंपनी समोरच्याला पैसे देऊन नंतर तुमच्यामागे वसुलीला येऊ शकते. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याच्यासाठी आयएमटी २८ जोडून घ्या, किरकोळ पैशात येतं. तुम्ही स्वतः चालवत असाल तर मालक-चालक अपघात विमा १५ लाखांचा असतो, तो ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्यालाच आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. आरसी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, अशा घरात मुलाला त्यातून काही मिळत नाही, त्याचा वेगळा अपघात विमा काढा.

बँकेचं राहिलं. कर्ज फिटलं एवढ्यावर थांबू नका. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा आणि नव्या पॉलिसीत बँकेचं नाव येणार नाही हे बघा, नाहीतर ट्रॅक्टर चोरीला गेला तर चेक बँकेच्या नावाने निघतो आणि मग तो सोडवायला पळापळ. चोरीवरून आठवलं, एफआयआर त्याच दिवशी आणि कंपनीला फोन पण त्याच दिवशी, दोन्ही चाव्या जपून ठेवा, त्या मागतातच.

आता तुमच्या दोन महिन्यांच्या खंडाचं. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नवी घेतली तर आधीचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शिल्लक राहतो, तो २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो, ९१ व्या दिवशी सगळा जातो. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. बँकेकडून जुनी पॉलिसी मागून घ्या, बोनस किती ते तिच्यावर लिहिलेलं असतं. बोनस फक्त ट्रॅक्टरच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. खंड पडल्यामुळे पॅकेज देण्याआधी कंपनी ट्रॅक्टरची तपासणी करेल, चेसिस नंबर घासून स्वच्छ करून ठेवा, चिखलात दिसत नाही आणि फोटो परत काढायला लावतात. जुना पोचा, तुटलेला दिवा असेल तर लपवू नका, फोटोत येतोच. आणि पॉलिसी हातात येईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका, पैसे भरलेत म्हणून लगेच विमा चालू झाला असं नसतं, पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेले असतात ते बघा.