अर्धा, पण कशाचा?

"तीसपर्यंत पाढे पाठ आहेत हो मॅडम. पण गणित समोर ठेवलं की डोकंच बंद होतं."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, याचा हिशोब ठेवलेला नाही. कधी पाढ्यांच्या जागी 'भाषेत पहिली असते' येतं, कधी 'बाकी सगळ्यात चलाख आहे'. पुढचं मात्र ठरलेलं असतं: तिसरीपर्यंत बरं चाललं होतं, मग मोठ्या संख्या आल्या, अपूर्णांक आले आणि गाडी अडली. गेल्या दोन महिन्यांत अशा पाच पालकांशी बोलणं झालं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. गोष्ट पाचवीतल्या एका मुलीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आठ-नऊ भेटी मोजक्या प्रसंगांत बसवल्यात.

पहिल्या भेटीत आई बोलत होती आणि मुलगी खोडरबराचे बारीक तुकडे नखाने काढून टेबलावर ओळीने मांडत होती. वही मागितली तर निमूट पुढे केली. पानं खोडून खोडून पातळ झालेली, दोन ठिकाणी चक्क भोकं. रोज चाळीस गणितांचा रतीब होता. आईची तळमळ खरी, कष्टही खरे. पण या चाळिसांतून मुलीला एकच गोष्ट पक्की आली होती: चुकलेलं उत्तर कुणाच्या नजरेला पडायच्या आत नाहीसं करायचं.

नशिबाने दोन चुका खोडायच्या राहून गेल्या होत्या. एक, ३०२ − १४७ = २४५. दुसरी, १/३ + १/४ = २/७.

"बघा ना, काहीही लिहिते," आई म्हणाली.

काहीही नव्हतं ते. तीनातून एक गेला, दोन. चारातून शून्य गेलं, चार. सातातून दोन गेले, पाच. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं होतं, तेही न चुकता. अपूर्णांकात वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. मुलांच्या चुका क्वचितच वेड्यावाकड्या असतात, त्यांच्यामागे मुलाचा स्वतःचा एक नियम असतो. तो नियम सापडेपर्यंत शिकवायला बसू नये, असं माझं मत आहे आणि वीस वर्षांत ते बदलायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

दुसऱ्या भेटीत मी टेबलावर सोळा बटणं ठेवली आणि कागदावर १६ लिहिलं. सहाभोवती गोल करून विचारलं, "हे कुठे आहेत, दाखव." तिने सहा बटणं बाजूला केली. मग एकाभोवती गोल केला. "आणि हा?" तिने एक बटण उचललं.

"मग ही नऊ?"

ती बराच वेळ बटणांकडे बघत राहिली. "ती उरली," म्हणाली.

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी तो मुलांना विचारून पाहिला होता, आणि तिसरी-चौथीतलीसुद्धा बरीच मुलं इथे एकच वस्तू दाखवतात असं त्यांना आढळलं. माझा स्वतःचा कलही त्याच घराण्याचा आहे. संख्या वस्तूंमध्ये नसते, मूल ती मनात रचतं. बाहेरून फक्त आकडे देता येतात. या मुलीला स्थानिक किंमत विचारा, ती 'एकची स्थानिक किंमत दहा' असं घडाघडा सांगायची. पण ते उत्तर परीक्षेचं होतं आणि बटणं टेबलावरची होती. दोघांची ओळखच झालेली नव्हती.

आई हे बघून घाबरल्या. "म्हणजे पहिलीपासूनच काही कळलेलं नाही?" त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. स्थानाप्रमाणे आकड्याची किंमत बदलते, ही कल्पना दिसते तितकी सरळ नाही. बॅबिलोनियातले लोक साठाच्या पटीतली स्थानं वापरून मोठमोठे हिशोब करत, पण रिकामं स्थान दाखवायला कितीतरी शतकं त्यांच्याकडे खूणच नव्हती, नुसती मोकळी जागा सोडत. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट, असं आर्यभटाने ४९९ साली नेमक्या शब्दांत मांडलं. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. अपूर्णांकही याच दहाच्या शिडीवर, एककाच्या उजवीकडे खाली उतरवता येतात, हे युरोपात सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये पुस्तिका काढून लोकांना समजावलं. सगळ्या मानवजातीला ज्याला इतका काळ लागला, तिथे एका पोरीला चार वर्षांत अडखळायला झालं तर त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही.

त्यात आपली भाषा. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे एकोणसाठ, म्हणजे पाच आणि नऊ. पाठांतराने हे निभावतं, पण ज्या मुलाचा पाया डळमळीत आहे त्याचा गोंधळ वाढतोच.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत आम्ही काड्यांच्या जुड्या बांधल्या. दहा काड्यांना एक रबरबँड. अशा दहा जुड्या मिळून फितीने बांधलेला एक भारा. बांधायचं काम सगळं तिनेच केलं, मी फक्त रबरं पुरवली. तयार जुड्या हातात दिल्या तर अर्धं शिकणं तिथेच वाया जातं. मग तिच्यापुढे तीन भारे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या.

"हे किती?"

"तीनशे दोन."

"त्यातल्या मला एकशे सत्तेचाळीस दे."

वहीत ती उजवीकडून सुरुवात करायची. इथे तिने सरळ एक भारा उचलून माझ्यापुढे ठेवला. (मुलांना मोकळं सोडलं की ती मोठ्याकडूनच सुरुवात करतात, बघा कधीतरी.) मग हात थांबला.

"दशकं नाहीत."

मी 'बरं' म्हटलं आणि गप्प बसले. समुपदेशकाला गप्प बसण्याचेच पैसे मिळतात असं मी थट्टेने म्हणते, पण त्या मिनिटाला माझीही जीभ शिवशिवत होती. आई खुर्चीत पुढे सरकल्या, मी नजरेनेच थांबवलं. मुलीने दुसरा भारा उचलला, फिरवला. टोकाकडून आतली रबरं दिसत होती. त्यांच्यावरून तिने अंगठा फिरवला.

"आत आहेत," ती पुटपुटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सोडू का?"

त्या 'सोडू का?'साठी मी चार भेटी वाट पाहिली होती. फीत सुटली, दहा जुड्या टेबलावर पसरल्या, चार माझ्याकडे आल्या. सात सुट्या काड्यांची वेळ आली तेव्हा तिने विचारलंसुद्धा नाही, एका जुडीचं रबर काढलं. तिच्याकडे एक भारा, पाच जुड्या, पाच काड्या उरल्या. एकशे पंचावन्न. तिने वहीतल्या २४५ कडे पाहिलं आणि हात खोडरबराकडे गेला. मी वही ओढून घेतली. "राहू दे ते. खाली नवीन लिही."

"आता सांग, तीनशे दोनमध्ये दशक किती?"

"शून्य..." थोडं थांबून, "सुटी शून्य. आत तीस."

इतकं नेमकं उत्तर मला मोठ्यांकडूनही मिळत नाही.

नंतर तिने मला एक प्रश्न विचारला: "ताई, उसना घेतलेला दशक परत कधी द्यायचा?" मी हसले, मग वाटलं, बरोबरच विचारतेय. उसनं घेतलं की परत द्यायचं, हेच आपण मुलांना शिकवतो, आणि वजाबाकीत उसना घेतलेला दशक कुणी कधी परत करत नाही. तिच्या लेखी ती चार वर्षांची थकलेली उसनवारी होती! तेव्हापासून मी 'उसना घेतला' म्हणणं सोडलं. 'जुडी सोडली' म्हणते.

अपूर्णांकांसाठी मी ८४ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या वापरते. ८४ ला तीन, चार, सात, बारा, सगळ्यांनी भाग जातो, कापताना डोकेदुखी नाही. तिने तृतीयांश ठेवला, त्याला चतुर्थांश जोडला. मी सात भागांच्या पट्टीतले दोन तुकडे दिले. "तुझं उत्तर हे होतं. कुठे बसतंय बघ."

दोन सप्तमांश म्हणजे २४ सेंटिमीटर. एकटा तृतीयांशच २८ चा. तिने तुकडे दोनदा मांडून पाहिले.

"मी मिळवलं आणि ते कमी झालं!" असं म्हणून ती हसली. स्वतःच्या चुकीवर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहत होते. बारा भागांचे तुकडे तिने न सांगता ओढले. तृतीयांशाखाली चार बसले, चतुर्थांशाखाली तीन.

"सात."

"सात काय?"

"सात... बारावे तुकडे." मग एकदम, "जुड्या आणि सुट्या काड्या एकत्र मोजता येत नाहीत, तसंच ना?"

तसंच. समान छेद का करायचा, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

पण खरा उलगडा पुढच्या भेटीत झाला, तोही बोलता बोलता. मी विचारलं, दीड म्हणजे किती? एक आणि अर्धा. मग दीडशे? एकशे पन्नास. "पण दीडमधला अर्धा तर एवढासा होता, इथे पन्नास कुठून आले?" ती विचारात पडली. "तो शंभराचा अर्धा आहे." आणि दीड दशक? "पंधरा. तो दहाचा अर्धा." मग माझ्याकडे जरा रागानेच बघून म्हणाली, "म्हणजे नुसतं अर्धा म्हणून चालतच नाही. कशाचा ते सांगायला पाहिजे."

मला वाटतं, दोन्ही धड्यांची किल्ली इथे आहे. दहा काड्या बांधल्या की त्यांचा एक नवीन 'एक' होतो. पट्टी दुमडली की जुना 'एक' फुटून लहान एक तयार होतात. दोन्हीकडे मुलाला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हा एक कशाचा? सवाशे, दीडशे, अडीच हजार हे शब्द मुलांच्या कानावर पुस्तकाच्या कितीतरी आधी पडलेले असतात, आणि त्यांत स्थानिक किंमत आणि अपूर्णांक एकाच माळेत ओवलेले आहेत. आपणच दोन वेगळे धडे करून मध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवतो.

तर पालकांनो, आधी ती चाळीस गणितं बंद करा. दिवसाला दोन पुरेत, पण त्यांवर बोलणं होऊ द्या. 'कसं केलंस?' हे उत्तर बरोबर आल्यावरही विचारा, नाहीतर तो प्रश्न म्हणजे चुकल्याची पावती असं मूल धरून चालतं. उत्तर काढायच्या आधी अंदाज करायला सांगा: अर्ध्याच्या पुढे की मागे? शंभराच्या वर की खाली? २/७ सारखं उत्तर तिथेच अडकतं. खोडरबर महिनाभर कपाटात ठेवा, चुकीवर एक रेघ मारून पुढे जाऊ द्या.

अपूर्णांक दाखवायला नुसते गोल काढू नका. गोलाचे पाच-सात सारखे भाग मोठ्यांनाही धड करता येत नाहीत, आणि भाग सारखे नसले तर सगळाच खेळ फसतो. पट्ट्या घ्या, दोरी घ्या, मुलाला स्वतः दुमडू द्या. आठ तुकडे केले की एकेक तुकडा बारीक होतो, हे हाताला कळलं की १/३ पेक्षा १/८ मोठा, कारण आठ मोठे, ही चूक आपोआप गळते. आणि एकाच्या पुढे जा. पाच चतुर्थांश, सात अर्धे. नाहीतर अपूर्णांक म्हणजे एकाहून लहान काहीतरी, असा समज घट्ट बसतो आणि सहावी-सातवीत तो निघता निघत नाही.

एक सावधगिरी. काही महिने असं हाताने काम करूनही मुलाला लहान-मोठा समूह ओळखता येत नसेल, रोजचे साधे अंदाजही चुकत असतील, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. पण सुरुवात तिथून करू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांची फक्त जुडी सोडायची राहिलेली असते.

शेवटच्या भेटीला ती काड्यांचा डबा परत करायला आली होती. आई बाहेर चपला घालत होत्या. डबा टेबलावर ठेवता ठेवता तिने विचारलं, "ताई, तीनशे दोनमध्ये अर्धे शंभर किती?"

मला क्षणभर थांबावं लागलं. ते तिच्या लक्षात आलं. ती पुन्हा खुर्चीत बसली, डबा उघडला आणि पाच-पाच जुड्यांचे ढीग माझ्यापुढे मांडायला लागली. सहा झाले. दोन काड्या तिच्या मुठीत राहिल्या.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे एकाचे एक," ती म्हणाली आणि काड्या डब्यात टाकून बाहेर पळाली.