सहा वाजता रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या

ताई, मी समाजशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय मनापासून आवडतो. पण घरी कुणीही आलं की ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न ठरलेला, आणि मला उत्तर सुचत नाही. परवा मोठे काका म्हणाले, “म्हणजे समाजसेवाच ना?” बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यात संख्याशास्त्राच्या तासाला माझ्या पोटात गोळा येतो. वाचनालयात अभ्यास सोडून मी माणसंच बघत बसते. संध्याकाळी सहा वाजले की मुलींच्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि मुलं बसून राहतात, हे मी रोज मोजते. असल्या गोष्टींना कोण पगार देणार? विषय बदलू का?
– उत्तर न सुचणारी

प्रिय मुली,

विषय बदलू नकोस. तुझ्या आवडीला मान म्हणून हे सांगत नाहीये. तू रोज खुर्च्या मोजतेस, म्हणून सांगतेय. कुणी सांगितलेलं नसताना तू एक गोष्ट पाहिलीस, ती पुन्हा पुन्हा होते का हे तपासलंस आणि वेळही टिपलीस. या विषयाचं काम इथूनच सुरू होतं.

आधी काकांचा प्रश्न. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांत खूप जणांची गल्लत होते. समाजकार्य हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि काही देशांत परवानाही लागतो. समुपदेशनाचंही तसंच. त्यांपैकी काही करायचं असेल तर पुढे तो अभ्यासक्रम घ्यावा लागेल, आणि समाजशास्त्राचा पाया तिथे उपयोगी पडेल. प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण आणि अनेक ठिकाणी पीएच.डी. आलीच. पण या विषयाची बरीचशी कामं ज्या पदांवर चालतात, त्यांच्या नावात समाजशास्त्र हा शब्दच नसतो. सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, बाजार संशोधन, आरोग्य योजनांचं मूल्यमापन, नगरनियोजन, मनुष्यबळ विभाग, पत्रकारिता, लोक एखादं अ‍ॅप नेमकं कसं वापरतात हे शोधणारी पथकं, अशी किती तरी ठिकाणं आहेत. वकिलाचा मुलगा वकील होणार म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तुला मात्र दर वेळी दोन वाक्यं जास्त बोलावी लागतील. ते अवघड जातं, मला माहीत आहे. मीही हाच विषय शिकले आहे.

आता संख्याशास्त्राबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. त्या तासाला मागे बसू नकोस गं. सिद्धांत आवडतात म्हणून संशोधन पद्धतीचा पेपर कसाबसा काढणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. पदवीनंतर त्यांना विचार मांडता येतो, पण तो खरा आहे की नाही हे तपासता येत नाही, आणि नोकरी देणारा नेमकं तेच विचारतो.

आकडे म्हणजे माणसांपासून दूर जाणं, असं तुला वाटत असेल तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं काम बघ. १८९६ साली ते फिलाडेल्फिया शहरातल्या सेव्हन्थ वॉर्ड या वस्तीत राहायला गेले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सुमारे २,५०० घरांत स्वतः जाऊन त्यांनी माहिती गोळा केली. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तक्ते आहेत, नकाशे आहेत. त्या वस्तीच्या गरिबीचं खापर लोक तिथल्या माणसांच्या स्वभावावर फोडत होते. कामधंद्यात आणि घरभाड्यात होणारा भेदभाव त्यांनी आकड्यांनिशी समोर ठेवला. तो त्यांना दिसला, कारण ते दारोदार गेले, आणि सिद्ध करता आला, कारण त्यांनी मोजलं.

तुझ्या खुर्च्यांचंही तेच करायचं. दोन आठवडे दर तासाला किती मुलं, किती मुली, हे लिहून ठेव. शनिवार-रविवार वगळू नकोस. मग १५ जणींशी आणि तितक्याच मुलांशी बोल. आधी परवानगी घे, नावं कुठेही लिहू नकोस, आणि कुणाला बोलायचं नसेल तर आग्रह धरू नकोस. सहा वाजता जाणं घरच्या धाकामुळे आहे, स्वयंपाकामुळे, रस्त्यावरच्या अंधारामुळे, की लांब राहणाऱ्यांत मुलीच जास्त आहेत म्हणून? हा शेवटचा मुद्दा विसरू नकोस. सारख्याच अंतरावर राहणाऱ्या मुलामुलींची पुन्हा तुलना केलीस आणि फरक नाहीसा झाला, तर तुझी सगळी कहाणी बदलेल. ज्या संख्याशास्त्राची तुला भीती वाटते, त्याचा गाभा हाच आहे. सुरुवातीला टक्केवारी आणि आडवे-उभे तक्ते पुरतात. पुढे ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिक, ते फुकट मिळतं.

प्रश्न मात्र जपून तयार कर. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी विचारलं होतं, “घरकाम आणि मुलांचा अभ्यास तुम्हीच बघता का?” ६० बायकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं, आणि ते घरकामाबद्दल की अभ्यासाबद्दल, हे मला कधीच कळलं नाही. एका प्रश्नात दोन प्रश्न शिरले होते. सगळी उत्तरं वाया गेली. रात्रभर रडले होते मी.

शेवटी दहा पानांचा अहवाल लिही. सोपा, तुझ्या बाबांना समजेल असा. मग अर्जात ‘समाजशास्त्राचा अभ्यास केला’ एवढंच लिहावं लागणार नाही. ‘प्रश्नावली तयार केली, ३० मुलाखती घेतल्या, माहितीचं विश्लेषण करून अहवाल लिहिला’ असं लिहिता येईल. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या संशोधन प्रकल्पावर क्षेत्रकाम मिळतंय का बघ. पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण नुसती कागदपत्रं लावायला बसवत असतील तर दुसरं शोध.

बाबांशी विषयाच्या थोरवीवरून वाद घालू नकोस. ते गप्प आहेत, म्हणजे विरोधात आहेत असं मला वाटत नाही. काकांना काय सांगायचं हे त्यांनाही सुचलं नसावं. अहवाल झाला की पहिली प्रत त्यांच्या हातात दे आणि शेजारी बसून तक्ता समजावून सांग.

आणि प्रश्नावली झाली की आधी पाच मैत्रिणींना विचारून बघ. जिथे त्या अडखळतील तिथे खूण कर आणि तो कागद मला पाठव.

तुझी,
ताई