एकट्याने कनू ट्रिप: जमेल का?

प्रश्न: न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक डोंगरातल्या सेंट रेजिस कनू एरिया या तळ्यांच्या भागात मला एकट्यालाच चार दिवस जायचंय. पोहता येतं, कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बऱ्यापैकी चालवतो, पण दोन तळ्यांमधे ती उचलून न्यावी लागते म्हणतात. झेपेल ना?

उत्तर: झेपेल हो, पण कनू हलकी घ्या. तिथे मोटरबोटींना बंदी, त्यामुळे शांतता भरपूर, आणि तळ्या-तळ्यांमधे ज्या पायवाटा आहेत त्यांना 'कॅरी' म्हणतात, म्हणजे बोट खांद्यावर अन् चालत सुटायचं. सामान एका खेपेत न जाता दोन खेपा झाल्या तर गणित बघा, एक किलोमीटरच्या कॅरीला तीन किलोमीटर चालणं होतं! 1883 साली नेसमुक नावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स याच ॲडिरॉन्डॅकमधे जेमतेम पाच किलोच्या कनूतून एकटे फिरले होते, आपल्याला इतकी हलकी नको, पंधरा किलोपर्यंतची चालेल.

मे-जूनमधे ब्लॅक फ्लाय नावाच्या माश्या चावून अक्षरशः फोडून काढतात, मी तर सप्टेंबरच म्हणेन. तंबू ठरलेल्या जागीच टाका, नाहीतर पाणी, रस्ता, पायवाट यांपासून 150 फूट लांब. एकाच जागी तीन रात्रींपेक्षा जास्त राहिलात तर परमिट लागतं.

आणि पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट बॅगेत ठेवू नका प्लीज, गार पाण्यात हातपायच चालेनासे होतात आणि एकटं असल्यावर ओढून काढणार कोण? वारा सुटला तर काठाकाठाने जा, किंवा सरळ थांबा. घरच्यांना रूट अन् परतायची वेळ लिहून द्या, मोबाइलला रेंज मिळेलच असं धरू नका.