वाचकांचे प्रश्न : त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि जागा बधिर करण्याची इंजेक्शने

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. नाकपुडीच्या कडेला बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघाला आहे. एका डॉक्टरांनी लिग्नोकेनवर होईल असे सांगितले, दुसऱ्यांनी ब्युपिव्हॅकेन चांगले म्हणून सांगितले. कोणाचे ऐकावे? की पूर्ण भूल द्यायला सांगावी? (एक वाचक, मिरज)

पूर्ण भूल लागत नाही. एवढी गाठ काढायला तेवढी जागा बधिर केली की पुरते आणि या वयात तेच अधिक सुरक्षित आहे.

दोन्ही औषधे जागा बधिर करणारीच आहेत आणि दोन्ही डॉक्टरांचे बरोबर आहे. एक शस्त्रक्रियेच्या वेळेचा विचार करत आहेत, दुसरे त्यानंतरच्या संध्याकाळचा. लिग्नोकेन (झायलोकेन म्हणून अनेकांना माहीत असलेले) एक-दोन मिनिटांत काम सुरू करते. नुसते दिले तर अर्धा ते दोन तास टिकते. रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असेल तर एक तासापासून सहा तासांपर्यंत. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे औषध लवकर वाहून जाते आणि नाकावर यातला कमी आकडाच धरून चालावे. ब्युपिव्हॅकेनला परिणाम दाखवायला पाच ते दहा मिनिटे लागतात, पण ते नुसते दोन ते चार तास आणि अ‍ॅड्रेनलिनसह चार ते आठ तास चालते. टोचताना ब्युपिव्हॅकेन लिग्नोकेनपेक्षा जास्त झोंबते.

म्हणून चांगला क्रम असा : सुरुवातीला अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन, गाठ निघाल्यावर टाके घालण्याच्या सुमारास त्याच बधिर जागेत थोडे ब्युपिव्हॅकेन. दुसरी सुई कळत नाही आणि ठणका लागण्याचे पहिले काही तास निघून जातात. मोज पद्धतीने शस्त्रक्रिया होणार असेल, म्हणजे एकेक थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि कड स्वच्छ येईपर्यंत पुन्हा काढायचे, तर याचा फायदा जास्त. प्रत्येक फेरीला तासभर थांबावे लागते आणि मधल्या वेळात लिग्नोकेन उतरते. अशा वेळी ‘दुखायला लागले तर सांगतो’ असे म्हणून बसू नये. पुढची फेरी सुरू होण्याआधीच डोस वाढवून मागावा.

एक सूचना घरच्यांसाठी. नाकासाठी डोळ्याखालच्या हाडातल्या छिद्राजवळ मज्जातंतूला इंजेक्शन दिले (एक ते तीन मि.लि. पुरते) तर गाल आणि वरचा ओठही बधिर होतो. ब्युपिव्हॅकेन असेल तर कित्येक तास. तेवढा वेळ गरम चहा देऊ नका. ओठ भाजलेला कळणार नाही.

प्रश्न : इंजेक्शनच इतके झोंबते की शस्त्रक्रियेपेक्षा त्याचीच धास्ती वाटते. आधी क्रीम लावून भागत नाही का? (एक वाचक, पणजी)

क्रीमने सुईचे टोचणे कमी होते, गाठ काढता येत नाही. अडीच टक्के लिग्नोकेन आणि अडीच टक्के प्रिलोकेनचे क्रीम जाड थरात लावून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून किमान एक तास ठेवावे लागते. दहा मिनिटे लावून पुसले तर काही उपयोग नाही, आणि तक्रारी बहुधा तिथूनच येतात.

झोंबण्याचे खरे कारण आम्लता. अ‍ॅड्रेनलिन टिकावे म्हणून वायलमधले (औषधाच्या कुपीतले) द्रावण आम्लधर्मी ठेवलेले असते, पीएच साधारण साडेतीन ते साडेपाच. त्यात दहा मि.लि.ला एक मि.लि. सोडाबायकार्ब मिसळले की आग बरीच कमी होते आणि परिणामही लवकर येतो. मात्र हे मिश्रण त्या दिवसापुरतेच करावे, कारण आम्लता गेली की अ‍ॅड्रेनलिन हळूहळू निकामी होते. ही युक्ती ब्युपिव्हॅकेनला लागू नाही : त्यात सोडा घातला की पांढरा साका बसतो. गढूळ झालेले काहीही टोचायचे नसते.

बाकी सगळे हातावर आहे. ३० गेजची बारीक सुई, त्वचेला काटकोनात, पहिला थेंबभर सोडून क्षणभर थांबणे, मग अगदी सावकाश ढकलणे. पुढची प्रत्येक टोच आधी बधिर झालेल्या भागातून. द्रावण फ्रिजमधून काढलेले थंडगार नसावे. घाईने दाब दिला की ऊती ताणल्या जातात आणि तेच सर्वांत जास्त दुखते. नाकाचा शेंडा आणि डोक्याची टाळू इथे तर फारच, कारण तिथे त्वचेखाली पसरायला जागा नाही. पेशंटने ‘सावकाश द्या’ म्हणण्यात काही गैर नाही.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात सर्जनसोबत काम करतो. ५८ वर्षांच्या बाईंना परकराच्या नाडीच्या जागी, कमरेवर, जुना व्रण होता. बायोप्सीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेचाच दुसरा एक कॅन्सर) आला. वजन ४८ किलो. क्षेत्र मोठे, निदान ४० मि.लि. द्रावण लागेल. लिग्नोकेन आणि ब्युपिव्हॅकेन निम्मे-निम्मे मिसळले तर दोन्हींचा पूर्ण डोस वापरता येईल का? (एक वैद्यकीय अधिकारी, विदर्भ)

नाही. हा गैरसमज धोकादायक आहे. दोन्हींचे विषारी परिणाम एकमेकांत मिळवले जातात. लिग्नोकेनचा निम्मा कोटा संपला असेल तर ब्युपिव्हॅकेनचाही निम्माच उरतो.

आकडे मांडू. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मि.ग्रॅ. (एकूण ५०० च्या वर नाही). नुसत्याची किलोला साडेचार, एकूण ३००. या बाईंसाठी ७ × ४८ = ३३६ मि.ग्रॅ. दोन टक्क्यांच्या एका मि.लि.त २० मि.ग्रॅ., म्हणजे सतराही मि.लि. पुरे देता येत नाहीत. तेच एक टक्का केले तर ३३, अर्धा टक्का केले तर ६७ मि.लि. त्वचा बधिर व्हायला अर्धा टक्का पुरतो. तेव्हा ४० मि.लि. हवे तर औषध बदलू नका, पातळ करा : दोन टक्क्यांच्या वायलमधला एक भाग, तीन भाग नॉर्मल सलाईन. अ‍ॅड्रेनलिन १:२,००,००० वरून १:८,००,००० होते, तरी काम करते. ट्युमेसंट पद्धतीत ते याहूनही विरळ असते. (त्या पद्धतीतला किलोला ५५ मि.ग्रॅ.चा आकडा मात्र इथे वापरू नका. तो चरबीच्या थरात अतिविरळ द्रावण सोडण्यासाठी आहे.)

आता मिश्रण. दोन टक्के लिग्नोकेन आणि अर्धा टक्का ब्युपिव्हॅकेन समसमान घेतले की दहा मि.लि.त लिग्नोकेन १०० आणि ब्युपिव्हॅकेन २५ मि.ग्रॅ. येते. ब्युपिव्हॅकेनची मर्यादा किलोला २ धरली तर तिच्यासाठी ९६. पहिल्याचा ३० टक्के कोटा, दुसऱ्याचा २६ टक्के, दहा मि.लि.तच निम्म्याच्या पुढे गेलात. १७ मि.लि.ला थांबावे लागेल. शिवाय समसमान मिसळल्याने दोन्हींची तीव्रता निम्मी होते, त्यामुळे ‘लवकर चढते आणि जास्त टिकते’ हा फायदाही अपेक्षेइतका मिळत नाही. वेगवेगळे, एकामागून एक देणे बरे, आणि ब्युपिव्हॅकेन कडांपुरते.

टोचताना गाठीच्या आत किंवा खाली सुई घालू नका, निरोगी त्वचेतून चारी बाजूंनी वळसा घ्या. व्रणात जंतुसंसर्ग असेल तर तिथल्या आम्लतेमुळे औषध नीट चढत नाही. म्हणूनही दुरून टोचणे योग्य. दर वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना पाहा. टोचल्यावर सात-दहा मिनिटांत त्वचा फिकी पडते, पण रक्तस्राव सर्वांत कमी व्हायला वीस-पंचवीस मिनिटे जातात, तेवढी द्या.

औषध जास्त झाल्याच्या खुणा म्हणजे ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात गुणगुण, असंबद्ध बोलणे : इथेच थांबा. यापुढे झटके येतात. ब्युपिव्हॅकेन हृदयाच्या स्नायूला धरून ठेवते, त्यामुळे ते शिरेत गेले तर हृदयाची लय बिघडते आणि सावरायला कठीण जाते. या विषबाधेवरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे चरबीचे द्रावण), खोलीतच हवे : किलोला १.५ मि.लि. एकदम, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मि.लि. ते उपलब्ध नसेल तर मोठ्या प्रमाणात ब्युपिव्हॅकेन वापरूच नये. भूलतज्ज्ञ असतील तर याच गटातल्या रोपिव्हॅकेनचा विचार करा, ते हृदयाला तुलनेने कमी घातक आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी काख आणि जांघ दोन्हीकडच्या लसिकाग्रंथी (कॅन्सर पसरला तर तिथे गाठी लागतात) चाचपा. कमरेच्या त्वचेतल्या लसिकेचा निचरा दोन्हीकडे होतो. कमरेला घट्ट बांधलेल्या कपड्याच्या जागी होणारा हा कॅन्सर आपल्याकडे नवा नाही. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४०च्या दशकातच ‘धोती कॅन्सर’ नोंदवला होता.

प्रश्न : दाताच्या इंजेक्शननंतर छातीत धडधडले, हात थरथरले. तेव्हापासून माझ्या फाइलवर ‘लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी’ लिहिले आहे. आता पाठीवरची गाठ काढायची आहे. (एक वाचक, ठाणे)

तुम्ही सांगता ती लक्षणे अ‍ॅड्रेनलिनची वाटतात. दातांच्या इंजेक्शनात ते बहुधा १:८०,००० असते, त्वचेसाठीच्या नेहमीच्या वायलच्या अडीच पट तीव्र. खऱ्या अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, श्वास अडकतो. लिग्नोकेनच्या गटाची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ. दोष निघालाच तर पुष्कळदा वायलमधल्या मिथाइलपॅराबेन या संरक्षकाचा असतो. अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडून संरक्षकविरहित लिग्नोकेनने चाचणी करून घ्या आणि निकाल फाइलवर लेखी घ्या. प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर अवश्य सांगा, अ‍ॅड्रेनलिनबरोबर रक्तदाब एकदम चढू शकतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर रात्री काय घ्यावे? (एक वाचक, पुणे)

बधिरपणा उतरायच्या आधीच पहिली गोळी. पॅरासिटामॉल १ ग्रॅम आणि जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. ही जोडी मोज शस्त्रक्रियेच्या पेशंटवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल-कोडीनपेक्षा सरस ठरली. वजन पन्नासच्या आत असेल तर पॅरासिटामॉल किलोला १५ मि.ग्रॅ. या हिशेबाने. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पहिल्या रात्री ठणका सर्वांत जास्त, मग रोज कमी. तिसऱ्या दिवशी उलट वाढला, लाली पसरली, पू आला तर जंतुसंसर्ग. पहिल्याच रात्री जागा भराभर फुगून टणक झाली तर आत रक्त साचते आहे. घड्याळ लावून वीस मिनिटे न उचलता दाब द्या आणि तरीही वाढत असेल तर त्याच रात्री रुग्णालयात जा.