एम-थ्रीची केटी आणि आजीचं आजारपण

"केटी लागलेल्या मुलाला अमेरिकेत घेतात का हो?"

परदेशातल्या प्रवेशांसाठी मी मुलांना मार्गदर्शन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा आई विचारते. केटी म्हणजे नापास झालेला, पुन्हा द्यायचा विषय. मुलगा शेजारी बसून मोबाइलचं कव्हर काढत-घालत असतो. सुमेधचंही तसंच होतं. (नाव अर्थात बदललंय, तपशीलही ओळख लागणार नाही इतपत हलवलेत.) मेकॅनिकलची पदवी, सीजीपीए ६.८. पहिल्या वर्षाचा एम-टू (गणिताचा दुसरा विषय) दोनदा राहिलेला, दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री अडकलेला, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही आणि एक वर्ष सरळ घरी. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या भाषेत वायडी. चार वर्षांची पदवी पाच वर्षांत.

मी फाइल उघडायच्या आतच त्याने एक आकडा पुढे केला. "माझा जीपीए २.७२ आहे. तिकडे ३.० लागतो. म्हणजे संपलंच ना?"

हा २.७२ आला कुठून? ६.८ ला दहाने भागलं, चाराने गुणलं. शाळेतलं त्रैराशिक. या त्रैराशिकाने किती मुलांनी अर्ज करण्याआधीच स्वतःला नकार देऊन टाकलाय, याची मोजदाद नाही. आपल्याकडचे दहापैकी आणि त्यांच्याकडचे चारपैकी ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. पेपर तपासण्याची पद्धत वेगळी, गुण देताना हात किती सैल सोडायचा याची सवय वेगळी. म्हणून तर कितीतरी विद्यापीठांच्या अर्जात स्पष्ट लिहिलेलं असतं की गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच मापात भरा, स्वतः रूपांतर करू नका. ज्यांना रूपांतर हवं असतं ते परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचं विषयवार मूल्यांकन मागतात. ते काम त्या संस्थेचं, आपलं नाही.

३.० ची अट मात्र खोटी नाही. पुष्कळ ग्रॅज्युएट स्कूल ती लावतात. पण कशावर लावतात ते वाचायचं असतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पदवीच्या वरच्या वर्षांचा अभ्यासक्रम धरला जातो. काही ठिकाणी शेवटचे ६० क्रेडिट तास बघतात. सुमेधच्या पहिल्या दोन वर्षांचे गुण साडेपाचच्या आसपास रखडत होते आणि शेवटची दोन वर्षं आठाच्या घरात. ६.८ ही त्या दोघांची सरासरी. सरासरी बघणाऱ्याला एक मध्यम मुलगा दिसतो, सेमिस्टरवार बघणाऱ्याला वेगळाच.

हे ऐकून आईंचा चेहरा जरा सैल झाला आणि त्यांनी खरा विषय काढला. एका एजंटाने त्यांना सांगितलं होतं की नापास झालेल्या सेमिस्टरच्या मार्कशीट जोडायच्याच नाहीत, फक्त सुधारलेल्या जोडायच्या. कोण बघतंय! शिवाय पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधात, घालायला एक कारणही तयार होतं. दुसऱ्या वर्षात असताना आजी अंथरुणाला खिळली, तिची सेवा करण्यात अभ्यास राहिला.

"आजी कधी गेल्या?" मी सुमेधला विचारलं.

"मी नववीत होतो तेव्हा."

मी हसले नाही. या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात, कारण घाबरलेला माणूसच असलं काही रचतो. पण मार्कशीट लपवण्याबद्दल मी दोघांना बसवून नीट सांगितलं. प्रत्येक गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि साल असतं. चार वर्षांच्या पदवीला पाच वर्षं लागली हे तारखांवरून कुणालाही कळतं, मग न जोडलेली पानं जास्तच डोळ्यांत येतात. अर्जाच्या शेवटी 'दिलेली माहिती पूर्ण आणि खरी आहे' यावर सही असते. पुढे कधी उघड झालं तर प्रवेश रद्द होतो, पदवी मिळाल्यावर ती काढूनही घेता येते. आणि हीच लपवाछपवी व्हिसापर्यंत नेली, तर महत्त्वाच्या बाबतीत खोटं सांगितल्याच्या कारणावरून अमेरिकेचा कायदा माणसाला कायमचं अपात्र ठरवू शकतो. एका एम-थ्रीसाठी एवढं डोक्यावर घ्यायचं?

"मग वायडीच्या वर्षात तू करत काय होतास?" मी विचारलं.

कव्हर काढणं-घालणं थांबलं. तो म्हणाला, "वर्कशॉपमध्ये होतो."

कॉलेजची टीम बाहा स्पर्धेसाठी गाडी बनवत होती. पिथमपूरला दगडधोंड्यांतून, चिखलातून पळवायची ती गाडी. सुमेधकडे गिअरबॉक्स होता. खरं तर एम-टू आणि एम-थ्रीचा बळी त्या गिअरबॉक्सनेच घेतला होता: लेक्चर सोडून मुलगा लेथवर. वायडी लागल्यावर टीममधून नाव गेलं, तरी सकाळी जाऊन बसायचाच. गाडी एका ठरावीक वेगाला कण्हल्यासारखा आवाज करायची. तो आवाज दातांच्या कुठल्या घासण्यातून येतो हे शोधायला त्याने फोनवर आवाज टिपले, कुणाकडून तरी सॉफ्टवेअर शिकून त्यांचे आलेख काढले. आणि तिथे त्याला कळलं, की हे आलेख समजायचे तर फूरियर लागतो, आवाज सुटा करून बघण्याचं एम-थ्रीतलं गणित. म्हणजे जो एम-थ्री त्याने वर्कशॉपसाठी सोडला, तोच वर्कशॉपमध्ये वाट अडवून उभा. मग अभ्यास केला, पास झाला.

तो हे पंधरा मिनिटं बोलला. आई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना यातलं निम्मं ठाऊकच नव्हतं.

माझी एक जुनी चूक इथे कबूल करायला हवी. या कामात नवीन असताना एका मुलीला मी केटीचा खुलासा स्टेटमेंटच्या पहिल्याच परिच्छेदात करायला लावला होता. 'आधीच सांगून टाक, मोकळी हो.' तिने मोकळं होता होता दीड पान माफी मागितली. वाचणाऱ्या प्राध्यापकाला तिला काय शिकायचंय ते दुसऱ्या पानाच्या तळाशी कळलं असतं, तिथपर्यंत तो पोहोचला असता तर. तेव्हापासून माझा नियम ठरलाय. स्टेटमेंटमध्ये कामाबद्दल बोलायचं. खुलाशासाठी बऱ्याच अर्जांत वेगळी जागा असते, 'आणखी काही सांगायचं असल्यास' अशा अर्थाची. तिथे चार ओळी, पाचवी नको.

सुमेधचे पहिले तीन खर्डे मी परत केले. एकात आजी चोरपावलांनी परत आली होती. चौथा साधारण असा होता: 'पहिल्या दोन वर्षांत मी गणिताच्या दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो आणि माझं एक वर्ष गेलं. मी टीमच्या गिअरबॉक्सला वेळ दिला आणि वर्गाला दिला नाही; हा निर्णय माझा होता आणि चुकीचा होता. दोन्ही विषय मी नंतर उत्तीर्ण झालो. त्यानंतरच्या चार सेमिस्टरमध्ये मी एकाही विषयात अनुत्तीर्ण झालेलो नाही. गणितावर आधारलेल्या तीन विषयांचे गुण सोबत आहेत.' कारण आहे, जबाबदारी आहे, पुरावा आहे. दयेची याचना नाही.

पुरावा हा शब्द महत्त्वाचा, कारण इथे मुलं गडबड करतात. सुमेधला वाटत होतं की जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणितात १६५ आणले की एम-थ्री धुऊन निघेल. नाही निघत. जीआरईचं गणित शाळेच्या पातळीचं. ते चांगलं आलं तर उत्तम, पण अवकल समीकरणं येतात का, या शंकेचं उत्तर त्यात नाही. (शिवाय आता कितीतरी विभाग जीआरई मागतही नाहीत, तिथे त्याची फी भरण्याआधी विभागाचं पान वाचावं.) त्याऐवजी मी त्याला एनपीटीईएलवरचा यांत्रिक कंपनांचा अभ्यासक्रम करायला लावला. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं, दर आठवड्याची असाइनमेंट आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. एक सत्र गेलं त्यात. अर्ज एक वर्ष पुढे ढकलावा लागला आणि घरात यावरून वादही झाला. माझ्या मते ते वर्ष सत्कारणी लागलं, त्याच्या वडिलांच्या मते अजूनही नाही.

शिफारसपत्रांची कथा वेगळी. बहुतेक ठिकाणी तीन लागतात. घरच्यांचा आग्रह विभागप्रमुखांचा, पद मोठं म्हणून. ते सुमेधला चेहऱ्याने ओळखत होते, इतकंच. मी म्हटलं, एम-थ्री शिकवणाऱ्या मॅडमना विचार. तो हादरला. पण त्यांनीच त्याला नापास होताना पाहिलं होतं आणि त्यांनीच नंतर आलेख घेऊन स्टाफरूममध्ये येताना पाहिलं होतं. दुसरं कोण सांगू शकणार होतं हे? दुसरं पत्र वर्कशॉप बघणाऱ्या सरांचं. आपल्याकडे 'तूच लिहून आण, मी सही करतो' हा प्रकार सर्रास चालतो. तो टाळा. तिन्ही पत्रं एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतं. अर्जात पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिलाय. मी 'सोडतो' म्हणायला सांगते. झाकून दिलेल्या पत्रावर विश्वास जास्त बसतो.

यादी करताना रँकिंग बाजूला ठेवलं. गिअरच्या आवाजावर काम कोण करतं, ते शोधायचं. ओहायो स्टेट विद्यापीठात गिअरवरच्या संशोधनाची नावाजलेली प्रयोगशाळा आहे, हे त्याने स्वतः शोधनिबंधांच्या मागच्या संदर्भांतून काढलं. त्या धाग्याने सात विद्यापीठं निघाली. प्रत्येक अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर, तेव्हा पंधरा ठिकाणी 'टाकून बघू' हे परवडणारं नव्हतंच.

सातांपैकी चार नकार आले. त्यातल्या दोन ठिकाणी केटीमुळेच आला असावा असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही, कारण नकाराच्या पत्रात कारण नसतं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पैसे नाहीत. सातवं मध्यपश्चिमेतलं एक सरकारी विद्यापीठ. तिथल्या एका प्राध्यापकाने व्हिडिओ कॉलवर त्याला अर्धा तास त्या कण्हणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल विचारलं, मग अर्ध्या वेळेची रिसर्च असिस्टंटशिप देऊ केली. प्रवेश दिलेल्या त्या दोनपैकी एक विद्यापीठ होकारासाठी मार्चमध्येच घाई करत होतं, आई घाबरून 'हो म्हणून टाक' म्हणत होत्या. असिस्टंटशिपसारख्या आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलआधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही, असा अमेरिकेतल्या पुष्कळ ग्रॅज्युएट स्कूलांचा आपसातला ठराव आहे. त्या घाई करणाऱ्या ठिकाणी मदत नव्हतीच, त्यामुळे तो ठराव तिथे लागू नव्हता. तिथे आम्ही सरळ मेल करून मुदत मागितली, दहा दिवस मिळाले. मागितलं की मिळतं कधी कधी. सातव्याचं पत्र त्या दहा दिवसांतच आलं.

मग आय-ट्वेंटी हे विद्यापीठाचं प्रवेशाचं प्रमाणपत्र, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, बँकेची कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार हे कागदावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या बाबतीत असिस्टंटशिपमुळे ते दिसत होतं.

मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीसाठी आईंनी घरी त्याची केटीची उत्तरं पाठ करून घेतली होती. एम-टूचं वेगळं, एम-थ्रीचं वेगळं, वायडीचं वेगळं. मी नको म्हटलं होतं, पण आईपुढे कुणाचं चालतं? मुलाखत दोन मिनिटंही चालली नसेल. कुठलं विद्यापीठ, काय शिकणार, पैसे कोण देणार. पासपोर्ट ठेवून घेतला.

संध्याकाळी आईंचा फोन आला. व्हिसा मिळाल्याचं सांगून झालं, पेढे कधी आणू ते विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मॅडम, केटीचं त्यांनी काहीच विचारलं नाही हो."