सापशिडीतला एक नियम बदलायला सांगा

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. रोज तीन तास मोबाइलवर गेम खेळतो आणि वर ‘मी गेम डिझायनर होणार’ म्हणतो. हे खरंच करिअर आहे की अभ्यास टाळायची सबब? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, दोन्ही असू शकतं. तीन तास खेळतो यावरून मात्र काहीच ठरत नाही.

लगोरी आठवा. सात चपट्या एकावर एक रचणं हे काही सेकंदांचं काम. पण मागे चेंडू घेऊन कुणीतरी टपलेलं असतं, पाठीत बसला की बाद! ही कटकट आपण हौसेने ओढवून घेतो. अनावश्यक अडथळे स्वखुशीने पार करणं म्हणजे खेळ, असं तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली मांडलं, ते हेच.

मोबाइलवर पंचाचं काम यंत्र करतं, त्यामुळे भांडण नाही. चुकलं की लगेच कळतं, आणि पुन्हा डाव मांडायला गडी जमवावे लागत नाहीत. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमची सुरुवात मुलासोबत बघा. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात. पण पुन्हा सुरुवातीपासून यायला काही सेकंदच लागतात. मग ठोकळ्यातून मशरूम निघतं, पुढच्या पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतं. ते चांगलं असतं हे असं अंगावर आल्यावरच कळतं. एका शब्दाची सूचना नाही. चिरंजीव आकर्षित होतात ते या कारागिरीला. (आताच्या मोबाइल गेममधली रोजची बक्षिसं नि पैसे मागणारे डबे ही वेगळी गोष्ट, तिथे तुमची काळजी रास्त आहे.)

आता परीक्षा. सापशिडीत फासा पडेल तसं जायचं, खेळणाऱ्याला निर्णयच नाही. मुलाला म्हणा, एकच नियम असा बदल की निर्णय घ्यावा लागेल. नियम कागदावर लिहून आजीच्या हातात द्यायचे आणि ती खेळत असताना स्वतः गप्प बसायचं. आजी अडली तर चूक नियमाची, आजीची नाही. तो चिडला तर तो खेळाडूच आहे. वही काढून खोडाखोड करायला बसला, तर पुढचं बोलू.

बारावीचं गणित सोडू देऊ नका. व्हेक्टर आणि त्रिकोणमिती गेममध्ये रोज लागतात. सुट्टीत ‘गोडो’ हे गेम बनवायचं मोफत सॉफ्टवेअर शिकू दे. पदवी कोणतीही चालेल, त्यानंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

आजी कुठे अडली, ते जरूर कळवा.