आजी सांगेल ती वायर कापायची

प्रश्न : ताई, आम्ही बरीच वर्षं परदेशात आहोत. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. दर शनिवारी भारतात आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल असतो, पण ‘जेवलास का, अभ्यास कसा चाललाय’ याच्या पुढे बोलणं सरकत नाही. मुलगा दोन मिनिटांत उठून खोलीत जातो आणि मित्रांबरोबर गेम खेळत बसतो. मनात आलं, आपणच सगळ्यांनी मिळून काही खेळलं तर? नवऱ्याला पटत नाही, मुलं आधीच स्क्रीनपुढे जास्त बसतात असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला गेममधलं काही कळत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुमच्या मनात आलं ते अगदी योग्य आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. जो मुलगा आजीशी दोन मिनिटं बोलत नाही, तोच मित्रांशी तासभर बोलतो. त्याला आजी आवडत नाही असं नाही. मित्रांबरोबर त्याच्या हातात काहीतरी चाललेलं असतं आणि बोलणं त्यातून निघतं. कॉलवर मात्र त्याला नुसतं समोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. या वयाच्या मुलांना ते अवघडच जातं.

म्हणून गेम निवडताना एकच कसोटी लावा : बोलल्याशिवाय तो पुढे सरकतो का? गेम किती गाजलेला आहे, दिसायला किती सुंदर आहे, हे सगळं नंतर. ज्या गेममध्ये चार जण शेजारी बसून गप्प खेळू शकतात, तो चांगला असेलही, पण तुमच्या कामाचा नाही.

या कसोटीवर माझ्या मते सगळ्यात वर येतो तो ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. २०१५ साली आलेला हा गेम. एका खेळाडूच्या स्क्रीनवर एक बॉम्ब असतो आणि तो ठरावीक वेळात निकामी करायचा असतो. पण कसा करायचा ते त्याला माहीत नसतं. ते लिहिलेलं असतं एका पुस्तिकेत, आणि ती असते बाकीच्यांकडे. त्यांना बॉम्ब दिसत नाही, याला पुस्तिका दिसत नाही. मग उरतं फक्त बोलणं. ‘चार वायर आहेत, लाल, निळी, पुन्हा लाल, पिवळी.’ ‘थांब, लाल किती म्हणालास?’ गेम एकाकडेच विकत घेतलेला असला तरी चालतो आणि पुस्तिका अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळते. आजी-आजोबांना ती छापून हातात द्या. त्यांना काही डाउनलोड करायचं नाही, कुठलं बटण शोधायचं नाही. अगदी साध्या फोन कॉलवरही हा गेम रंगतो.

पहिल्या बॉम्बमध्ये वायर, एक मोठं बटण आणि चार विचित्र चिन्हांची पाटी, एवढंच असतं. त्या चिन्हांना नाव नसतं. मुलाला ती वर्णन करून सांगावी लागतात : खाली शेपटी असलेलं, उलट्या चंद्रकोरीत टिंब असलेलं, शिडीसारखं. परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी कळतं पण बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत, हे आपण सगळेच पाहतो. इथे शब्द शोधावेच लागतात, कारण घड्याळ चाललेलं असतं आणि आजीला समजलं नाही तर बॉम्ब फुटतो. पुढच्या पातळ्यांवर चक्रव्यूह येतो, तेव्हा डावं-उजवं पक्कं होतं. ‘आता फक्त मराठीत बोला’ असा नियम मात्र लावू नका. इंग्रजी शब्द येतील, येऊ द्या. आजी ‘म्हणजे कसं रे?’ असं विचारेल आणि मुलगा आपणहून मराठीत वळेल. नियम लावलात तर पुढच्या शनिवारी तो येणारच नाही.

आजींना इंग्रजी वाचायला अडचण असेल तर आणखी एक छान काम निघतं. पहिल्या तीन प्रकारांची पानं मुलांकडून मराठीत लिहून घ्या. तुम्ही शेजारी बसा, अडलेला शब्द सांगा. ‘एकही लाल वायर नसेल तर दुसरी वायर काप’ अशी छोटी, सरळ वाक्यं आहेत, दोन्ही मुलांना मिळून जमतील. मग त्या पानांचा फोटो आजीला पाठवा. नातवंडांच्या अक्षरातली पुस्तिका हातात आली की आजी ती आधीच वाचून ठेवणार, याची मला खात्री आहे. या गेममध्ये रक्तपात नाही, पण बॉम्ब ही कल्पनाच कुणाला नको वाटत असेल तर आग्रह करू नका.

आता अंतराचं बघू. भारत आणि अमेरिका यांच्यामध्ये सिग्नलला जाऊन यायला साधारण पाव सेकंद लागतो. तो केबलच्या लांबीचा परिणाम आहे. कितीही महागडं इंटरनेट घेतलं तरी पुरता जात नाही. त्यामुळे पटकन उडी मारायची, नेम धरायचा, शर्यत लावायची असे गेम इतक्या लांबून खेळू नका. आजोबा बटण दाबतील, गाडी उशिरा वळेल आणि ते म्हणतील, ‘मला नाही जमत.’ दोष त्यांचा नसतो, पण ते तो स्वतःकडे घेतात आणि पुन्हा खेळायला बसत नाहीत. लांबच्या माणसांसाठी बोलण्याचे, चित्रांचे किंवा पाळीपाळीनं खेळायचे गेमच निवडा.

चित्रांमध्ये ‘गार्टिक फोन’ फार गोड आहे. ब्राउझरमध्ये फुकट चालतो, मोबाइलवरही. प्रत्येक जण एक वाक्य लिहितो, ते दुसऱ्याकडे जातं, तो त्याचं चित्र काढतो, तिसरा नुसतं चित्र पाहून पुन्हा वाक्य लिहितो. शेवटी सगळी साखळी एकेक पान उलटून दिसते. ‘आजोबा छत्री विसरले’ याचं चौथ्या माणसापर्यंत काय झालेलं असतं, ते पाहून घर हसतं. वाक्यं आपणच लिहायची असल्यामुळे भाषाही आपली, विषयही आपले. निदान चार जण तरी हवेत, म्हणजे काका-मावश्यांनाही बोलवा. ‘स्क्रिबल’ हाही याच जातीचा : एक जण चित्र काढतो, बाकीचे ओळखतात. त्यात खासगी खोली, म्हणजे फक्त बोलावलेल्यांनाच येता येईल असा वेगळा खेळ, उघडून स्वतःच्या शब्दांची यादी टाकता येते. घरातल्यांनाच माहीत असलेले शब्द टाका, रोमन अक्षरांत लिहिले तरी बिघडत नाही. आठ वर्षांची मुलगी इथे मोठ्यांच्या बरोबरीनं खेळते, आणि तुमच्या घरात तिचाही विचार करायचा आहे.

‘जॅकबॉक्स पार्टी पॅक’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. एकानं गेम घेऊन स्क्रीनवर दाखवायचा, बाकीच्यांनी आपापल्या फोनवर चार अक्षरांचा कोड टाकून सामील व्हायचं. मित्रमंडळी घरी जमली की मजा येते, पण त्यातले बरेच खेळ इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर चालतात. ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यातला चित्रांचा ‘ड्रॉफुल’ घ्या, बाकीचे राहू द्या.

आठवड्यातल्या मधल्या दिवसांसाठी पाळीपाळीचे खेळ ठेवा. आजोबांना बुद्धिबळ येतं का? ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. त्यात पत्रानं खेळल्यासारखा डाव मांडता येतो, एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत. आजोबा सकाळी चाल करतील, मुलगा शाळेतून आला की उत्तर देईल. दोघांना एका वेळी जागं असण्याची गरज नाही. शनिवारच्या कॉलला मग आपोआप विषय असतो : ‘तो घोडा का दिलास रे?’ पटावरचे इतर खेळ ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर याच पद्धतीनं खेळता येतात. आणि ‘लुडो किंग’ विसरू नका. २०१६ सालचं हे भारतीय अ‍ॅप. आजीला नियम शिकवावे लागत नाहीत, फासा सगळ्यांना सारखाच वागवतो. खासगी खोली उघडा, कोड पाठवा, झालं. जाहिराती मधे येतात, त्या सोसायच्या. फक्त आजीच्या फोनवर तुम्ही स्वतः नाव तपासून तेच अ‍ॅप टाकायला लावा. पैसे लावून खेळायच्या लुडोची अ‍ॅप्सही असतात आणि त्या वाटेला कुणी चुकून जायला नको.

वेळेबद्दल एक बारीक गोष्ट. भारतात घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, युरोप-अमेरिकेत होतात. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजलेले असताना भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३० असतात आणि हिवाळ्यात ७:३०. खेळाची वेळ एकदा ठरवली की घड्याळ बदलण्याच्या आदल्या आठवड्यात आजी-आजोबांना सांगून ठेवा, नाहीतर ती मंडळी तासभर फोनपाशी बसून राहतात.

घरातल्या घरात मात्र हात मोकळा आहे. अंतर नाही, म्हणजे शर्यतही चालेल. ‘निन्टेन्डो स्विच’ या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, चालणाऱ्या ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ या गाड्यांच्या शर्यतीत एका टीव्हीवर चार जण खेळतात, आणि त्यात एक सोय फार कमी पालकांना ठाऊक असते : गाडी रस्त्यावरून बाहेर जाऊ न देणारं स्टिअरिंग आणि आपोआप वेग, दोन्ही प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं चालू करता येतं. तुम्ही आणि मुलगी ते चालू ठेवा, मुलाचं बंद. तुम्ही शेवटच्या आलात तरी रस्त्यावर राहाल, आणि नवख्याला तेवढं पुरतं. आजी-आजोबा काही महिने राहायला आले तर ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’मधलं बोलिंग काढा. हात फिरवला की चेंडू जातो, समजावण्यासारखं काही उरत नाही.

‘ओव्हरकुक्ड’ तुम्हाला सगळे सुचवतील. स्वयंपाकघरात चौघांनी मिळून ऑर्डरी पूर्ण करायच्या. गेम उत्तम आहे, पण पहिला गेम म्हणून नको. घाई, आरडाओरडा आणि सराईत मुलगा नवख्या आईवर चिडतो, हे हमखास होतं. घेतलाच तर ‘ऑल यू कॅन ईट’ ही आवृत्ती घ्या, तिच्यात घड्याळ सैल करणारी मदतीची सोय आहे.

तुमच्या नवऱ्यासाठी मी वेगळा मार्ग सुचवते. ‘इट टेक्स टू’ हा २०२१ सालचा गेम दोघांनीच खेळायचा असतो, एकट्याला खेळताच येत नाही. एकानं विकत घेतला की दुसरा फुकट सामील होऊ शकतो. बाबा आणि मुलगा, दोघांनी रोज रात्री अर्धा तास. एक सांगून ठेवते : कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-बाबांची आहे. युरोपात त्यावर बारा वर्षांचं लेबल आहे. तेरा वर्षांच्या मुलाशी त्यावर बोलता येईल, आठ वर्षांच्या मुलीला जवळ बसवू नका. स्क्रीनची त्यांची काळजी खोटी नाही. पण मुलगा खोलीत एकटा घालवतो तो तास आणि बाबांशी ‘आता तू पकड, मी उडी मारतो’ असं बोलत घालवतो तो तास, यांना एकाच मापानं मोजू नका. त्यांना एकदा खेळायला बसवा, मग मत विचारा.

शिकवण्याचं काम मुलाकडे द्या, पण एका अटीवर : तोंडानं सांगायचं, दुसऱ्याच्या कंट्रोलरला हात लावायचा नाही. ‘आण इकडे, मी करून देतो’ झालं की समोरचा माणूस प्रेक्षक होतो. सांगून शिकवायला धीर लागतो आणि शब्दही लागतात. पहिले काही आठवडे एकमेकांविरुद्धचे खेळ कमी ठेवा, एका बाजूनं खेळायचे जास्त. आणि मुलं अजून मागत असतानाच थांबा.

मुलगा तरीही आला नाही, तर त्याच्या वयाच्या चुलत-मावस भावंडांकडे वळा. ठोकळ्यांनी आपलं जग बांधायचा ‘माइनक्राफ्ट’ बहुतेकांकडे असतो. जावा आणि बेडरॉक या त्याच्या दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा भावंडांकडे कोणती आहे ते आधी विचारा. बेडरॉक फोन, कन्सोल, संगणक सगळ्यांवर एकत्र चालतो. ‘पीसफुल’ प्रकार निवडला की हल्ला करणारे राक्षस येत नाहीत, म्हणजे धाकटीलाही घेता येतं. ‘अमंग अस’ला चार ते पंधरा जण लागतात, खोटं बोलणं आणि एकमेकांवर आळ घेणं हाच खेळ असल्यामुळे मोठ्या भावंडांना तो फार आवडतो, पण आठ वर्षांच्या मुलीवर सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं तर ती रडेल. तिला थोडं थांबू द्या.

खोल्या नेहमी खासगीच ठेवा, कोड घरच्यांपुरताच, अनोळखी लोकांशी होणारी चॅट बंद, आणि खरेदीला तुमचाच पासवर्ड. हे एकदाच करायचं काम आहे, अर्ध्या तासात होतं.

येत्या शनिवारी काहीही विकत घेऊ नका. गार्टिक फोन उघडा, आजी-आजोबांना मदत करायला तिथल्या एखाद्या भाच्याला शेजारी बसवा आणि तीन फेऱ्या खेळा. सगळ्यांना आवडलं, तर पुढच्या आठवड्यात बॉम्बची पुस्तिका छापायला आजोबांना सांगा.